मंगळावरच्या गिअरला ग्रीस

'क्युरिऑसिटी' ही मंगळावरची गाडी सकाळी उठून काय करते, असं कुणाला विचारलं तर उत्तर येईल की फोटो काढते, दगडाला भोकं पाडते, चालते. खरं उत्तर त्याहून घरगुती आहे. ती ग्रीस गरम करते. ज्या दिवशी चालायचं असेल त्या दिवशी वंगण गरम करण्यात साधारण तीन तास जातात, आणि विज्ञानाच्या कामासाठी जी ऊर्जा शिल्लक असते तिच्यातली सुमारे पाव ऊर्जा त्यातच संपते. हा हिशोब माझा नाही, ती गाडी बनवणाऱ्या नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचाच आहे. (पुढे नुसतं जेपीएल म्हणतो.) जुनी स्कूटर थंडीत चोक ओढून घरघरत ठेवायची ना, तसंच. फक्त स्कूटर अडीच अब्ज डॉलरची.

मला यात गंमत वाटली ती पुढच्या भागाची. मुळात हे ग्रीस तिथे असणारच नव्हतं! मूळ डिझाईनमध्ये गिअर टायटॅनियमचे होते आणि त्यांच्यावर कोरड्या वंगणाचा लेप होता. ग्रीस नाही म्हणजे गोठणं नाही, गोठणं नाही म्हणजे हीटर नकोत, आणि टायटॅनियम म्हणजे वजनही कमी. कागदावर बघितलं तर याहून सुंदर डिझाईन सापडणं कठीण. मग ते बदललं का? यासाठी आधी दोन दाते एकमेकांना भिडतात तेव्हा काय होतं ते बघायला हवं. आपण सॉफ्टवेअरवाले लोक गिअर म्हटलं की स्क्रीनवरचं 'सेटिंग्ज'चं चिन्ह डोळ्यांपुढे आणतो. त्या चिन्हातल्या दात्यांना काही सोसावं लागत नाही.

गिअरचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतातही. दोन दाते भिडतात तेव्हा सुरुवातीला एक दाता दुसऱ्यावर एका दिशेने घसरतो, मग मधे एक क्षण असा येतो की घसरणं शून्य, नुसतं लोळणं, आणि त्यानंतर घसरण्याची दिशा उलटी होते. प्रत्येक दात्याच्या प्रत्येक भेटीत हे घडतं. आणि दाब? चांगल्या कडक केलेल्या पोलादी गिअरमध्ये तो वातावरणाच्या दाबाच्या दहा-पंधरा हजार पट जाऊ शकतो, कारण सगळा भार एका अरुंद पट्टीवर येतो. या पट्टीत तेल सापडलं तर एक विलक्षण गोष्ट होते. एवढ्या दाबाखाली तेलाची चिकटी प्रचंड वाढते, ते क्षणभर जवळजवळ घन पदार्थासारखं वागतं, आणि दोन पोलादी पृष्ठांना अर्ध्या-एक मायक्रॉनच्या अंतराने वेगळं धरून ठेवतं. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. गिअरबॉक्स वर्षानुवर्षं टिकतात ते या पडद्याच्या जिवावर.

पण हा पडदा वेगावर अवलंबून असतो. दाते भरभर फिरत असतील तरच ते तेलाला आपल्यामध्ये खेचून घेतात. वेग कमी झाला की पडदा पातळ होतो आणि पृष्ठांचे उंचवटे एकमेकांना लागायला लागतात. आता गिअरबॉक्सचा उद्देशच मुळी मोटरचा वेग कमी करून जोर वाढवणं हा आहे. म्हणजे शेवटच्या टप्प्यात भार सगळ्यात जास्त आणि वेग सगळ्यात कमी. जिथे पडद्याची सगळ्यात जास्त गरज तिथेच तो नसतो. क्युरिऑसिटीचा सपाट कडक जमिनीवरचा कमाल वेग सेकंदाला चार सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे चालीच्या बाबतीत गोगलगायीची थोरली बहीण. तिच्या चाकाजवळच्या टप्प्यात तेलाच्या जाड पडद्याची आशा कुणी धरत नाही.

मग अशा ठिकाणी दात्यांना वाचवतं कोण? रसायन. गॅरेजमध्ये ट्रकचा मागचा ॲक्सल उघडतात तेव्हा एक उग्र वास येतो. नव्वद नंबरच्या तेलाचा वास म्हणून तो ओळखला जातो. हा वास तेलाचा नाही, त्यात घातलेल्या गंधकाच्या संयुगांचा आहे. क्राऊन-पिनियनच्या दात्यांवर जिथे धातूला धातू लागून तापमान वाढतं, नेमकं तिथेच ही गंधक-फॉस्फरसची संयुगं लोखंडाशी संयोग पावतात आणि एक मऊ थर तयार करतात. पुढच्या भेटीत दाता घासतो तो या थराला, आतलं पोलाद शाबूत राहतं. थर गेला की नवा तयार होतो. ही युक्ती हौसेने आलेली नाही. १९२६ मध्ये पॅकार्ड कंपनीने मोटारीत 'हायपॉइड' गिअर आणले. त्यात पिनियन मध्यरेषेच्या खाली बसवता येतं, त्यामुळे मधला शाफ्ट खाली येतो आणि गाडी बुटकी करता येते. पण त्या रचनेत दाते लांबीच्या दिशेनेही घासतात आणि साधं तेल तिथे टिकेना. गाडी दिसायला सुंदर करायची म्हणून तेलाचं रसायन बदलावं लागलं!

या संयुगांचा एक तोटा असा की ती लोखंडाशी जशी वागतात तशी पितळेशीही वागू शकतात. म्हणून मागच्या ॲक्सलचं जहाल तेल पितळी सिंक्रोच्या रिंगा असलेल्या गिअरबॉक्समध्ये डोळे झाकून ओतू नये. तीच गोष्ट मोटरसायकलची. आपल्या बहुतेक बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात डुंबतात. घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं, 'पेट्रोल वाचवा' छाप कारचं तेल त्यात घातलं तर गिअरना कदाचित आवडेल, पण क्लच घसरू लागतो, कारण क्लचचं पोट घर्षणावरच चालतं. कमी घर्षण म्हणजे चांगलं, हे वाक्य कुठल्या भागाबद्दल बोलताय ते सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

असो. आता लेपांकडे येऊ.

कोरड्या वंगणांचा राजा म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाईड. रचना थरांची. गंधक, मॉलिब्डेनम, गंधक असा एक सँडविच, त्यावर दुसरा सँडविच. सँडविचच्या आत बंध मजबूत, पण दोन सँडविचमध्ये अगदी ढिले. त्यामुळे पत्त्यांच्या कॅटसारखे थर एकमेकांवरून सरकतात. निर्वात जागेत याचं घर्षण इतकं कमी असतं की ग्रीसने हेवा करावा. थंडीचं याला सोयरसुतक नाही. जेम्स वेब दुर्बिणीतलं 'मिरी' नावाचं उपकरण निरपेक्ष शून्याच्या वर सात अंशांच्याही खाली ठेवलेलं असतं. तिथे कुठलंही ग्रीस म्हणजे दगड. तिथे कोरड्या वंगणाला पर्याय नाही.

पण हा राजा दमट हवेत आजारी पडतो. हवेतली वाफ आणि ऑक्सिजन त्याच्या थरांच्या कडांना धरतात, घर्षण कित्येक पटींनी वाढतं आणि लेप लवकर झिजतो. मुंबईच्या जुलैत अशा गिअरची चाचणी घेतली तर आकडे येतील, पण ते मुंबईच्या जुलैचे असतील. म्हणून या चाचण्या निर्वात टाकीत किंवा कोरड्या नायट्रोजनमध्ये घ्याव्या लागतात. ग्राफाईटचं नेमकं उलटं. त्याला घसरायला वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात फार उंच उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश कोरड्या विरळ हवेत बघता बघता भुकटी होऊन जायचे, ते याचमुळे. दोन्ही काळी, दोन्ही थरांची, दोन्ही बोटाला लावली तर सारखीच गुळगुळीत. स्वभाव मात्र एकदम विरुद्ध.

तिसरा उमेदवार म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप. हा एक ते तीन मायक्रॉन जाडीचा, काळाभोर आणि कडक. शर्यतीच्या गाड्यांच्या गिअरवर, इंजिनाच्या भागांवर तो सर्रास असतो. याला लावताना एक पथ्य पाळावं लागतं. गिअरचं पोलाद कडक करून झाल्यावर साधारण १८० ते २०० अंशांवर तापवून स्थिर केलेलं असतं. लेप चढवताना तापमान त्यावर गेलं की आतलं पोलाद मऊ पडतं. वर हिरा आणि खाली मेण, अशी अवस्था.

आणि लेपांचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. गरम वाफाळत्या भाताच्या ढिगावर पापड ठेवा आणि बोटाने दाबा. पापड कितीही कुरकुरीत असो, तो मोडणारच, कारण खालचा भात दबतो. तोच पापड ओट्यावर ठेवून दाबला तर टिकतो. दोन मायक्रॉनचा लेप स्वतः भार पेलत नाही, तो फक्त घसरणं सोपं करतो. भार खालच्या धातूनेच पेलायचा असतो. टायटॅनियम वजनाला पोलादाच्या साधारण साठ टक्के असतं, पण ताणाखाली ते पोलादाच्या जवळपास दुप्पट वाकतं, आणि गिअरसाठी कडक केलेल्या पोलादापेक्षा त्याचं पृष्ठ बरंच मऊ असतं. शिवाय उघडं टायटॅनियम टायटॅनियमवर घासलं तर ते चिकटतं आणि ओरबाडलं जातं. म्हणजे लेप जिथे फाटला तिथे खाली सौम्य शिक्षा नाही, थेट फाशी.

आता क्युरिऑसिटीवर परत. तिच्या टायटॅनियमच्या गिअरना कोरड्या वंगणासह आयुष्याच्या चाचणीला लावलं तेव्हा ते मोहिमेला हवं तेवढं टिकत नाहीत असं दिसलं. घर्षण जास्त होतं म्हणून नव्हे. फेऱ्यांची संख्या पुरी पडत नव्हती म्हणून. आपल्याकडे बेंचमार्कमध्ये जिंकलेला कोड प्रॉडक्शनमध्ये चौथ्या दिवशी मेमरी खाऊन झोपतो, तसा प्रकार. मग निर्णय झाला की गिअर स्टेनलेस स्टीलचे करायचे, ओलं वंगण भरायचं आणि जोडीला हीटर लावायचे. वजन वाढलं, वायरी वाढल्या, ऊर्जेचा हिशोब बदलला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेळापत्रक कोसळलं. नव्या मोटरी आणि गिअरबॉक्स वेळेत तयार होईनात. मंगळाकडे जायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते. ४ डिसेंबर २००८ ला नासाने जाहीर केलं की २००९ मधलं उड्डाण रद्द, आता २०११. या लांबणीची किंमत सुमारे ४० कोटी डॉलर सांगितली गेली.

त्या खोलीत बसलेल्यांची अवस्था मला कल्पनेनेही नकोशी वाटते. रिलीज दोन आठवडे पुढे ढकलायचं म्हटलं तर आपल्याकडे सहा मीटिंगा होतात. इथे सव्वादोन वर्षं पुढे, ती गिअर आणि त्यांच्या मोटरींपायी. पण उलट पर्याय काय होता? चाचणी पूर्ण न झालेले गिअरबॉक्स घेऊन निघायचं, आणि तिथे पोचल्यावर एखादं चाक अडकलं तर हाती फक्त फोटो. लेप परत चढवायला तिथे कुणी जाऊ शकत नाही.

कोरडा लेप म्हणजे प्रीपेड कार्ड आहे, आणि त्याला रिचार्ज नाही. प्रत्येक फेरीला थोडा बॅलन्स कमी होतो. (अगदी न्यायाने बोलायचं तर निघालेली भुकटी समोरच्या दात्यावर चिकटून काही काळ उपयोगी पडते, पण ती उधारी फार दिवस चालत नाही.) ग्रीस दात्याखालून बाजूला ढकललं गेलं तरी त्यातलं तेल झिरपत परत येतं. तेही अमर नाही. अंतराळात वापरतात ती फ्लोरिनयुक्त तेलं ताज्या उघड्या पोलादाशी घासताना हळूहळू विघटित होतात. पण मरणं आणि सावकाश मरणं यात अभियंत्यांना फार फरक वाटतो.

प्रीपेडची आठवण निघालीच आहे तर 'गॅलिलिओ' यानाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती गिअरची नाही, पण लेपाची आहे. गुरूकडे जाणाऱ्या या यानावर ४.८ मीटर व्यासाची मोठी अँटेना होती, १८ काड्यांच्या छत्रीसारखी मिटवलेली. काड्यांना धरणाऱ्या टायटॅनियमच्या खुंट्यांवर कोरड्या वंगणाचा लेप होता. यान १९८५ च्या शेवटी कॅलिफोर्नियाहून ट्रकने फ्लोरिडाला नेलं. जानेवारी १९८६ मध्ये 'चॅलेंजर'चा अपघात झाला, उड्डाणं थांबली. यान ट्रकने परत कॅलिफोर्नियाला. मग पुन्हा ट्रकने फ्लोरिडाला. १८ ऑक्टोबर १९८९ ला ते एकदाचं निघालं, आणि ११ एप्रिल १९९१ ला छत्री उघडायचा हुकूम दिला तेव्हा काही काड्या जागच्या हलल्याच नाहीत. चौकशीचा निष्कर्ष असा की हायवेवरच्या त्या हजारो किलोमीटरच्या थरथरीत, आणि तेही हवेत, खुंट्यांवरचा लेप घासून गेला होता. बॅलन्स पृथ्वीवरच संपला. सेकंदाला १,३४,००० बिट पाठवायची योजना होती. छोट्या अँटेनाने तेवढ्या अंतरावरून दहा-बारा बिट येण्याची चिन्हं होती. मग यानाच्या संगणकावर नवं सॉफ्टवेअर चढवलं, माहिती दाबून पाठवायची व्यवस्था केली, पृथ्वीवरच्या अँटेना एकत्र जोडल्या, आणि वेग जास्तीत जास्त १६० बिटपर्यंत नेला. त्यावर मोहीम २००३ पर्यंत चालली. आपल्या धंद्याची कॉलर ताठ करावी असा हा प्रसंग आहे. (हार्डवेअरवाले मित्र वाचत असतील तर हसून सोडून द्या :) )

क्युरिऑसिटी २६ नोव्हेंबर २०११ ला निघाली आणि आपल्या घड्याळात ६ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी गेल विवरात उतरली. मुख्य मोहीम एका मंगळवर्षाची, म्हणजे ६८७ दिवसांची होती. २०२५ पर्यंत ती ३५ किलोमीटरच्या आसपास चालली होती. चाकांचं ॲल्युमिनियमचं कातडं टोकदार दगडांनी २०१३ पासूनच फाटायला लागलं, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आतले ओल्या वंगणाचे गिअर मात्र तीच फाटकी चाकं फिरवत राहिले.

त्याची किंमत मात्र रोज मोजावी लागते. थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवतो ना, त्यातलाच प्रकार, पण मंगळावर ऊन पुरत नाही. रात्री तापमान शून्याखाली ९० च्याही खाली जातं, आणि तेव्हा ग्रीस इतकं घट्ट होतं की मोटरचा सगळा जोर ते ढवळण्यातच जावा. गाडीतल्या अणुऊर्जेच्या जनरेटरची ताकद सुरुवातीला सुमारे ११० वॅट होती, म्हणजे घरातले दीड पंखे. त्यात कॅमेरे, लेसर, रेडिओ, संगणक, हात आणि हीटर. एक बॅटरी साठवण करते म्हणून चालतं. म्हणूनच दुपारी, जेव्हा गिअरबॉक्स आपोआप थोडे ऊबदार झालेले असतात, तेव्हा चालणं स्वस्त पडतं. सकाळी लवकर निघायचं तर हीटर आणखी आधीपासून चालू, आणि तेवढं विज्ञान त्या दिवशी कमी.

हा सौदा मला योग्य वाटतो. चार वाट्यांतली एक वाटी देऊन बाकीच्या तीन वाट्या वर्षानुवर्षं मिळत असतील तर तक्रार कसली? पण जेपीएलमधल्या काही मंडळींना ती वाटी सलते. डग्लस हॉफमन आणि त्यांचे सहकारी तिथे 'धातूची काच' म्हणावी अशा मिश्रधातूंवर काम करत आले आहेत. वितळलेला धातू इतक्या पटकन थंड करायचा की अणूंना रांगेत उभं राहायला वेळच मिळू नये. मग स्फटिक बनत नाहीत, आणि जो पदार्थ तयार होतो तो टायटॅनियमसारखा मऊ नाही, सिरॅमिकसारखा सहज तडकणाराही नाही. वर तो प्लॅस्टिकसारखा साच्यात ओतता येतो. अशा गिअरनी उणे २०० अंशांवर, वंगणाचा थेंबही न लावता, नीट जोर दिला आणि गुळगुळीत फिरले, असं जेपीएलने २०१६ मध्ये सांगितलं. इथे विचारच उलटा आहे. मऊ धातूवर कडक पापड ठेवण्याऐवजी दाताच आतपर्यंत कडक घ्यायचा.

रोबोंच्या सांध्यांत एक पातळ, वाटीसारखा लवचिक गिअर असतो. तो प्रत्येक फेरीला अंडाकृती दबतो आणि पुन्हा गोल होतो. पोलादात तो कोरून काढणं हे महागडं, नाजूक काम आहे, कारण वाटीची भिंत कागदासारखी पातळ आणि तिच्या काठावर शेकडो बारीक दाते. धातूची काच साच्यात ओतून ही वाटी बऱ्याच कमी खर्चात निघू शकते, हे हॉफमन यांच्या कामातलं मला सगळ्यात व्यवहारी कलम वाटतं. मंगळापेक्षाही ते चंद्राला आणि गुरूच्या बर्फाळ उपग्रहांना उपयोगी, जिथे हीटरवर पाव वाटीही खर्च करणं परवडत नाही. अर्थात हे गिअरसुद्धा निर्वात टाकीत ठेवून, थंड करून, भार लावून, फेऱ्या मोजत फिरवत बसावेच लागतात.